फातुम (‘ईनिड’ महाकाव्यातील)

‘फातुम’ हा दैववाचक लॅटिन शब्द ‘बोलणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला असून ‘उच्चारले गेलेले’ हा त्याचा मूळ अर्थ आहे. मराठी माणसाचे दैव कपाळी लिहिलेले असते, तर रोमन दैव हा उच्चारलेला शब्द असतो. रोमन कवी व्हर्जिलच्या (इ.स.पू. ७०–१९) बारा सर्गांच्या ‘ईनिड’ या महाकाव्याचा सारा डोलारा या कल्पनेवर उभा आहे. ट्रॉयच्या पाडावातून वाचलेल्या ईनिअसने इटली गाठावी आणि त्याच्या वंशातून रोमचा उदय व्हावा, हे विधान अटळ आहे. पहिल्याच सर्गात देवांचा राजा ज्यूपिटर ते ईनिअसची आई, देवी व्हीनस हिला सविस्तर सांगतो.

अटळ असतो तो शेवट. वाटेत काय घडेल, याला देवांच्या रागलोभामुळे बराच वाव उरतो. ईनिअसला इटलीतील लॅटियमचे राज्य मिळणे आपल्याला टाळता येणार नाही, पण विलंब लावता येईल आणि दोन्ही बाजूंच्या प्रजेचा संहार घडवता येईल, असे ज्यूपिटरची पत्नी आणि ट्रॉयवासीयांची वैरीण जूनो सातव्या सर्गात स्वतःच म्हणते.

या मोकळ्या जागेत सापडते ती उत्तर आफ्रिकेतील कार्थेजची राणी डायडो. मृत पती सिकीअस याच्याशी एकनिष्ठ राहण्याचा तिचा निश्चय असतो. आपला मुलगा ईनिअस याच्या काळजीने व्हीनस डायडोला त्याच्या प्रेमात पाडण्यासाठी प्रेमदेव क्यूपिडला ईनिअसच्या लहानग्या मुलाचे रूप देऊन मेजवानीला धाडते. डायडो त्याला मांडीवर घेते आणि केवढा देव आपल्यावर आरूढ झाला आहे, याची त्या बिचारीला कल्पना नसते, असे कवी तिथेच सांगतो. पुढे शिकारीच्या वेळी जूनो वादळ उठवून दोघांना एका गुहेत एकत्र आणते. इटलीला निघण्याचा ज्यूपिटरचा निरोप घेऊन देवांचा दूत मर्क्युरी येतो तेव्हा ईनिअस कार्थेजच्या इमारती उभारून घेत असतो, आणि त्याच्या खांद्यावर डायडोने स्वतः सोन्याची तार गुंफून सजवलेला जांभळा झगा असतो. ‘इटलीला मी स्वेच्छेने जात नाही’ हे त्याने पुढे डायडोला दिलेल्या उत्तराचे शेवटचे वाक्य मूळ काव्यात अर्ध्या ओळीतच थांबते.

ईनिअस निघून गेल्यावर चौथ्या सर्गाच्या अखेरीस डायडो आत्महत्या करते. तिचा प्राण लवकर जात नाही, म्हणून तो मोकळा करण्यासाठी जूनो इंद्रधनुष्याची देवी आयरिस हिला डायडोच्या केसांची बट कापायला पाठवते. याचे कारण कवीने स्पष्ट दिले आहे: हे मरण फातुमने ठरवलेले नव्हते आणि तिच्या कर्माचे फळही नव्हते, ती वेळेआधी मरत होती. रोमच्या स्थापनेला दैवाचा आधार देणाऱ्या काव्यात या मृत्यूला मात्र तो आधार नाकारलेला आहे, आणि या संकल्पनेचा विचार करताना हीच ओळ सर्वांत महत्त्वाची मानावी लागते. सहाव्या सर्गात पाताळात ती ईनिअसला पुन्हा दिसते. ‘राणी, तुझा किनारा मी नाइलाजाने सोडला’ असे तो रडत सांगतो. ती नजर जमिनीवर खिळवून उभी राहते, एक शब्दही बोलत नाही, आणि सिकीअस असतो त्या सावलीच्या राईत निघून जाते.