अल्झायमर: प्रश्न जनुकांचा, तसाच त्यांच्या नियमनाचाही

१९०६ साली अलॉइस अल्झायमर यांनी औगुस्टं डेटर या रुग्ण स्त्रीच्या मेंदूत दिसलेले दोष जर्मनीतल्या एका वैद्यकीय सभेपुढे मांडले. मात्र या आजाराच्या जनुकीय शोधाने वेग घेतला तो १९८०नंतर. अमायलॉइड, म्हणजे रुग्णांच्या मेंदूत साचणारा प्रथिनाचा तुकडा, ज्यापासून तयार होतो त्या प्रथिनाचं जनुक १९८७ मध्ये २१व्या गुणसूत्रावर सापडलं. १९९१ मध्ये त्यातलं उत्परिवर्तन हाती आलं, १९९५ मध्ये प्रेसेनिलिनची, म्हणजे अमायलॉइड तयार होण्यात भाग घेणाऱ्या प्रथिनांची, दोन जनुकं. एकाच घराण्यात ऐन उमेदीत होणाऱ्या अल्झायमरचा उलगडा त्यातून झाला. पण असे रुग्ण फारच थोडे. उतारवयातल्या आजाराशी १९९३ मध्ये एपीओई४चा, म्हणजे एपीओई जनुकाच्या एका रूपाचा, संबंध जुळला. तरी ते असूनही अनेकांना हा आजार होत नाही, आणि ते नसलेल्या अनेकांना होतो.

मग २००९ मध्ये जुळ्या भावांच्या एका जोडीचा अभ्यास आला. दोघे एकसारखे जुळे, म्हणजे जनुकसंच एकच. एकाला अल्झायमर झाला, दुसऱ्याची स्मृती शेवटपर्यंत शाबूत राहिली. आजारी भाऊ रसायन अभियंता होता, कामात त्याचा कीटकनाशकांशी सतत संबंध येई. त्याच्या मेंदूच्या टेम्पोरल भागातल्या चेतापेशींत डीएनएवरच्या मिथाइल खुणा, म्हणजे त्याला चिकटलेले छोटे रासायनिक गट, भावापेक्षा कमी होत्या. जोडी एकच, त्यामुळे कीटकनाशकांवर ठपका ठेवता येत नाही. पण जनुकांची अक्षरं तीच राहून त्यांच्यावरच्या खुणा बदलू शकतात, हे इथे डोळ्यांसमोर होतं.

या खुणा जनुक किती वाचलं जाईल हे ठरवायला हातभार लावतात. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावरही अशा खुणा असतात. त्यातल्या अ‍ॅसिटाइल खुणा पुसणारं एचडीएसी२ हे विकर (एन्झाइम) अल्झायमरच्या रुग्णांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागात, वाढलेलं असल्याचं २०१२ मध्ये दिसलं. उंदरांमध्ये ते कमी केल्यावर त्यांची स्मरणशक्ती सुधारली. २०१४ मध्ये दोन स्वतंत्र गटांना मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत एएनके१ जनुकापाशी मिथाइल खुणांचा बदल आढळला. अर्थात, मृत्यूनंतरच्या मेंदूत दिसलेला बदल आजाराचं कारण की परिणाम, हे त्यावरून ठरत नाही.

म्हणूनच मला २०१९चं काम सर्वांत मोलाचं वाटतं: त्यात बदल नुसता पाहिला नाही, मुद्दाम घडवून त्याचा परिणाम तपासला. अल्झायमरच्या जोखमीशी जोडलेले बहुतेक जनुकीय फरक प्रथिनं बनवण्याची कृती लिहिलेल्या भागात नसून नियमनाच्या भागात आहेत. बीआयएन१ जनुकाजवळचा असाच एक तुकडा संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमधून काढून टाकला. मायक्रोग्लियात, म्हणजे मेंदूच्या रोगप्रतिकारक पेशींत, बीआयएन१चं काम मंदावलं. चेतापेशींत ते नेहमीसारखंच चालू राहिलं.