सिलिंडरमधला गॅस जातो कुठे?

गार पाण्याचे पातेले गॅसवर ठेवले की पहिल्या मिनिटभरात त्याच्या बुडाला बाहेरून थेंब धरतात आणि एखादा थेंब बर्नरवर पडून चुर्र करतो. पातेले गळत नसते. ते पाणी ज्योतीत नुकतेच तयार झालेले असते.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस भरलेला असतो. तो मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असतो, पण हिशेबाच्या सोयीसाठी सगळा ब्युटेनच धरू. ब्युटेनच्या एका रेणूत कार्बनचे ४ आणि हायड्रोजनचे १० अणू असतात, त्यामुळे तो पूर्ण जळाला की कार्बन डायऑक्साइडचे ४ आणि पाण्याचे ५ रेणू तयार होतात. त्यांना ऑक्सिजनचे ८ आणि ५, म्हणजे एकूण १३ अणू लागतात. मात्र हवेतला ऑक्सिजन जोडीने वावरतो आणि १३ च्या जोड्या लागत नाहीत, म्हणून सगळेच दुप्पट करावे लागते; मग ऑक्सिजनच्या २६ अणूंच्या बरोबर १३ जोड्या, म्हणजे १३ रेणू होतात :

२ ब्युटेन + १३ ऑक्सिजन → ८ कार्बन डायऑक्साइड + १० पाणी

ऑक्सिजन दोन्ही उत्पादितांत वाटला जात असल्याने तो शेवटी मोजावा. त्याच्यापासून सुरुवात करणारा विद्यार्थी हमखास अडकतो आणि मग पाण्याच्या रेणूतच एक जादा ऑक्सिजन घुसवून मोकळा होतो; पण तसे केले की ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होते.

कार्बनचे अणुवस्तुमान १२, हायड्रोजनचे १ आणि ऑक्सिजनचे १६ धरले, तर या समीकरणानुसार ११६ ग्रॅम ब्युटेनला ४१६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि त्यातून ३५२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व १८० ग्रॅम पाणी मिळते. दोन्ही बाजूंची बेरीज ५३२ ग्रॅमच भरते. याच प्रमाणात १४.२ किलो गॅस सुमारे ५०.९ किलो ऑक्सिजन घेतो आणि ४३.१ किलो कार्बन डायऑक्साइड व २२ किलो पाणी देतो. सगळा प्रोपेन धरला तरी पाणी २३.२ किलो होते, म्हणजे फार फरक पडत नाही. जळलेल्या गॅसपेक्षा नुसते पाणीच जास्त भरते, कारण त्याच्या वजनाचा मोठा वाटा हवेतून आलेल्या ऑक्सिजनचा असतो.

हवेत वजनाने ऑक्सिजन सुमारे २३ टक्के असल्याने एका सिलिंडरला निदान २२० किलो हवा लागते. बर्नरकडे जाणारी हवेची वाट कचऱ्याने तुंबली, तर ऑक्सिजनचा वाटा अपुरा पडतो, काही कार्बनला एकाच अणूवर भागवावे लागून विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि ज्याला तोही मिळत नाही तो कार्बन पिवळ्या ज्योतीतून निसटून पातेल्याच्या बुडाला काजळी होऊन बसतो.