फिल्म, डिजिटल, थ्रीडी: मॅमोग्राफीचे आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत

मॅमोग्राफी म्हणजे कॅन्सर शोधायला काढलेला स्तनांचा एक्स-रे. तो आधी फिल्मवर निघायचा, त्या काळात फार रेंगाळत नाही. 1963 ला न्यूयॉर्कमध्ये मॅमोग्राफीची पहिली मोठी चाचणी सुरू झाली आणि पुढे कित्येक वर्षं फिल्मचंच राज्य. फिल्म एकदा धुतली की कॉन्ट्रास्ट फिक्स, त्यात स्तनातला दाट टिश्यू (पेशींचा थर) पण पांढरा आणि गाठ पण पांढरी, मग शोधा!

2000 साली अमेरिकेत डिजिटलला मंजुरी मिळाली आणि खरा घोळ इथून सुरू होतो. अमेरिका आणि कॅनडातल्या साधारण 49,500 बायकांची दोन्ही पद्धतीने तपासणी झाली, 2005 मध्ये निकाल आला की एकूणात दोन्ही सारखंच. पन्नाशीच्या आतल्या, दाट स्तनांच्या किंवा पाळी अजून न गेलेल्या बायकांमध्ये मात्र डिजिटल सरस. म्हणजे त्यांना डिजिटल द्या, बाकीच्यांचं फिल्मवर भागतंय, असा सरळ अर्थ निघत होता, कारण डिजिटल मशीन दीड ते चौपट महाग होतं. पण झालं काय तर सगळ्यांनाच डिजिटल. इमेज साठवायला, पाठवायला सोपी, हे मान्य, पण तो सोयीचा मुद्दा झाला, कॅन्सर जास्त सापडण्याचा नाही, आणि हे दोन्ही एकत्र करून लोकांना सांगितलं गेलं असं मला वाटतं.

2011 ला थ्रीडी आलं, तिथेही तेच. एक्स-रेची ट्यूब कमानीत फिरते, पातळ काप दिसतात, एकावर एक आलेला टिश्यू सुटा होतो. अमेरिकेत 2014 च्या एका मोठ्या अभ्यासात संशय आला म्हणून पुढच्या तपासणीला परत बोलावण्याचं प्रमाण हजारी 107 वरून 91 वर आलं आणि सापडलेले कॅन्सर हजारी 4.2 वरून 5.4 वर गेले. पण नॉर्वेत बर्गेनला थ्रीडी आणि साधं डिजिटल समोरासमोर ठेवलं तर कॅन्सर जवळपास तेवढेच सापडले, 0.66 आणि 0.61 टक्के, म्हणजे हजारी 6.6 आणि 6.1. अमेरिकेत बहुतेकदा एकच डॉक्टर बघतो आणि दहातल्या एकीला परत बोलावतात, युरोपात दोघं बघतात आणि मुळातच कमी बोलावतात, त्यामुळे मशीनचा फायदा किती हे आधीची पद्धत किती ढिली होती त्यावर पण ठरतं, हे जाहिरातीत कुठे येतं?

थ्रीडीसोबत साधा फोटो पण काढला की रेडिएशन साधारण दुप्पट, म्हणून 2013 पासून थ्रीडीतूनच साधा फोटो तयार करायला परवानगी आहे. आणि दोन तपासण्यांच्या मधे अचानक निघणारे कॅन्सर थ्रीडीमुळे नक्की कमी झालेत असं बऱ्याच अभ्यासांत दिसलेलं नाही. एक लाखाहून जास्त बायकांवर जी चाचणी चालू आहे ती मुख्यतः प्रगत कॅन्सर कमी होतात का हेच मोजतेय, पण अमेरिकेत थ्रीडी मशीन्स तर कधीच बसलीत.