स्पॅमला घाई असते

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचा मेल सर्व्हर, म्हणजे मेलची ने-आण करणारा संगणक, रात्री दोनला काय करत असतो, ते त्याचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडली की दिसतं. ऑफिसला कुलूप, पण सर्व्हरच्या दाराशी रांग लागलेली. त्या रांगेत टेरी टॉवेलची ऑर्डर घेऊन आलेला आखातातला ग्राहक एखादाच. बाकी सगळे लॉटरी लागल्याचं सांगणारे, औषधं विकणारे, कधीच न घेतलेल्या मालाचं बिल पाठवणारे.

स्पॅम अडवायचा म्हणजे 'लॉटरी', 'फुकट' असल्या शब्दांची यादी करून ठेवायची, अशी बहुतेकांची समजूत असते. नीट बसवलेल्या सर्व्हरवर मात्र पुष्कळसा स्पॅम कोणी वाचतच नाही. मजकुरापर्यंत गोष्ट पोचण्याआधीच, पाठवणाऱ्याच्या नुसत्या वागण्यावरून त्याला परत पाठवलेलं असतं.

मेलची ने-आण ज्या नियमांनी होते ते एसएमटीपीचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले. तेव्हा नेटवर्कवर होती ती विद्यापीठं आणि संशोधन संस्था, त्यामुळे समोरच्याचं ओळखपत्र तपासायची सोय त्या नियमांत नाही. खरं तर उपद्रवाची चुणूक आधीच मिळाली होती. ३ मे १९७८ रोजी डेक या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांची जाहिरात धाडली होती आणि त्यावर भरपूर आरडाओरडाही झाला होता. तरीही दार उघडंच राहिलं.

या नियमांनुसार दोन सर्व्हरमध्ये अगदी रीतसर बोलणं होतं. ज्याच्याकडे मेल आला तो आधी बोलतो: २२० हा आकडा आणि आपलं नाव. ते ऐकून घेतल्यावर पाहुण्याने आपलं नाव सांगायचं, मग मेल कोणाकडून, कोणासाठी, आणि शेवटी मजकूर. मजकूर संपला हे सांगायला एका ओळीत फक्त एक टिंब.

स्पॅम पाठवणाऱ्याला एवढा धीर नसतो. व्हायरसने ताब्यात घेतलेल्या हजारो संगणकांवरून त्याला लाखो मेल ढकलायचे असतात, तेही कोणी त्या संगणकांना काळ्या यादीत टाकायच्या आत. म्हणून त्याचा प्रोग्राम कित्येकदा समोरच्याचं ऐकून न घेताच बोलायला लागतो. व्हिएत्से व्हेनेमा यांच्या पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये 'पोस्टस्क्रीन' नावाचा पहारेकरी आहे, तो नेमकी हीच खोड पकडतो. तो २२० नंतर एक आडवी रेघ देऊन अर्धवट स्वागत करतो. रेघेचा अर्थ, माझं बोलणं अजून संपलेलं नाही. मग तो सहा सेकंद गप्प बसतो. सभ्य सर्व्हर थांबतो. घाईतला प्रोग्राम मध्येच तोंड उघडतो आणि तिथेच पकडला जातो. मला स्पॅमविरोधातल्या सगळ्या युक्त्यांमध्ये ही सर्वांत देखणी वाटते, कारण तिला मेलची भाषासुद्धा कळावी लागत नाही. मराठी, तेलुगू, कन्नड अशा तीन भाषा एकाच ऑफिसात ऐकू येणाऱ्या सोलापुरात हा फायदा लहान नाही.

इव्हान हॅरिस यांनी २००३ मध्ये मांडलेली 'ग्रेलिस्टिंग'ची युक्तीही याच घाईवर बेतलेली आहे. अनोळखी मेल आला की 'आत्ता जमत नाही, नंतर या' अशा अर्थाचा ४५१ सारखा आकडा द्यायचा. खरा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि काही वेळाने पुन्हा येतो. चार-पाच दिवस प्रयत्न करत राहावं, असं नियमच सांगतात. स्पॅमवाला सहसा फिरकत नाही. पण या युक्तीची धार आता बोथट झाली आहे. बँकेचा ओटीपी मेलवर येणार असेल आणि सर्व्हरने त्याला 'नंतर या' म्हटलं, तर तो पोचेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. शिवाय मोठ्या कंपन्यांचा मेल दुसऱ्या वेळी वेगळ्याच सर्व्हरवरून येतो आणि पुन्हा अनोळखी ठरतो. छोट्या ऑफिसने ग्रेलिस्टिंग सरसकट लावू नये, संशयितांपुरतंच ठेवावं, असं माझं मत आहे.

काळ्या याद्यांचं काम वेगळं. १९९८ पासून चालू असलेली स्पॅमहाउस ही संस्था उपद्रवी आयपी पत्त्यांची, म्हणजे संगणकांच्या नेटवर्कवरच्या आकडी पत्त्यांची, यादी ठेवते. सर्व्हर आलेल्या पाहुण्याचा आयपी उलटा लिहून डीएनएसमार्फत, म्हणजे इंटरनेटवरच्या नाव-पत्त्यांच्या नोंदवहीमार्फत, विचारतो. यादीत असेल तर १२७.०.०.२ सारखं उत्तर येतं, नसेल तर 'असा पत्ताच नाही' असं. इथे एक खड्डा आहे. गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारलं, तर स्पॅमहाउस १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर देऊ शकतं. त्याचा अर्थ 'या वाटेने विचारू नका' एवढाच. पण कोणतंही उत्तर आलं की पाहुणा गुन्हेगार, असं सर्व्हरला शिकवून ठेवलं असेल, तर तो आलेला प्रत्येक मेल नाकारत सुटतो. स्पॅम अचानक शून्यावर आला म्हणून ऑफिस खूश, आणि ऑर्डरीही शून्यावर. त्यामुळे नेमकी कोणती उत्तरं 'दोषी' धरायची हे सेटिंगमध्ये लिहावं, आणि डीएनएसला विचारणारा मध्यस्थ, म्हणजे रिझॉल्व्हर, स्वतःचा ठेवावा.

दारातली ही तपासणी पार केलेल्या मेलवर नाव कोणाचं आहे, हा पुढचा प्रश्न. पाकिटावर पाठवणारा म्हणून कोणाचंही नाव लिहिता येतं, तसंच मेलचं आहे. त्यावर तीन उपाय एकमेकांना धरून उभे आहेत. एसपीएफमध्ये डोमेनचा, म्हणजे मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाचा, मालक जाहीर करतो की माझ्या नावाने मेल पाठवायची मुभा अमुक सर्व्हरनाच आहे. डीकेआयएममध्ये मेलवर डिजिटल सही असते आणि ती पडताळण्याची किल्ली डीएनएसमध्ये उघड ठेवलेली असते. या दोन्हींतलं काहीच जुळलं नाही तर मेलचं काय करायचं, ते डीमार्क सांगतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने, आपल्या ग्राहकांना दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना, आणि याहूने घाऊक मेल पाठवणाऱ्यांना, हे तिन्ही सक्तीचे केले.

तरीही एक फसवणूक यातून सहज निसटते. यार्नच्या व्यापाऱ्याच्या डोमेनमधलं एकच अक्षर बदलून कोणी नवं डोमेन घेतलं, त्यावर सही-बिही सगळं रीतसर बसवलं आणि लिहिलं, 'आमचं बँक खातं बदललं आहे, या वेळचे पैसे नव्या खात्यात टाका.' तिन्ही तपासण्या हा मेल पास होतो, कारण त्या खोट्या डोमेनपुरता तो अगदी खरा आहे. इथे सर्व्हर फारसं काही करू शकत नाही. जुन्या नंबरवर फोन लावूनच खात्री करावी लागते.

मजकूर वाचायची वेळ येते ती या सगळ्यानंतर, आणि तिथे कामी येतं ते अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ यांच्या नावाचं गणित. समजा, १,००० स्पॅम मेलपैकी ५० मध्ये 'लॉटरी' आहे आणि १,००० खऱ्या मेलपैकी एकातच. तर एवढ्या एका शब्दावरून मेल स्पॅम असण्याची शक्यता ५१ पैकी ५०, म्हणजे ९८ टक्के. उलट 'जीएसएम', म्हणजे टॉवेलचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन, खऱ्या मेलपैकी १२० मध्ये आणि स्पॅमपैकी दोनमध्येच असेल, तर ती शक्यता दोन टक्क्यांच्याही खाली येते. असे पुष्कळ शब्द एकत्र धरून निकाल लागतो. म्हणून परदेशातून तयार होऊन आलेलं फिल्टर टॉवेलच्या कारखान्यात अडखळतं. 'अर्जंट', 'शिपमेंट', 'इन्व्हॉइस', 'पेमेंट' हे शब्द ठगांचे लाडके, आणि निर्यातदाराचं रोजचं बोलणंही तेच. फिल्टरला ऑफिसचेच खरे आणि खोटे मेल दाखवून शिकवावं लागतं. स्पॅमअसॅसिन हा प्रोग्राम वेगवेगळ्या कसोट्यांचे गुण जोडतो, आणि मुळात ५ गुणांना मेल स्पॅम ठरतो. तो आकडा तीनवर आणायचा मोह होतो. तसं केलं तर स्पॅम कमी दिसतो, पण खरे मेल हकनाक अडकायला लागतात, आणि दहा स्पॅम हाताने पुसण्यापेक्षा एक कोटेशन हुकणं कितीतरी महाग पडतं.

संशयित मेल स्पॅमच्या फोल्डरात टाकणं म्हणूनच वाटतं तेवढं सुरक्षित नाही. ग्राहकाला वाटतं मेल पोचला, कारखान्याला वाटतं ग्राहकाने लिहिलंच नाही, आणि दोघेही एकमेकांवर रुसून बसतात. बोलणं चालू असतानाच ५५० हा आकडा देऊन नाकारलं, तर खऱ्या ग्राहकाचा सर्व्हर त्याला लगेच कळवतो की मेल गेला नाही. मेल एकदा ठेवून घेतला आणि नंतर परत पाठवला, तर मात्र तो निघतो पाकिटावरच्या खोट्या नावाकडे, म्हणजे कोणा भलत्याच निरपराध माणसाच्या इनबॉक्सात. ५५० च्या पुढे मोकळा मजकूर लिहिता येतो. सर्व्हर सांभाळणारे जाणते अ‍ॅडमिन तिथे एक ओळ टाकतात: 'मेल चुकून नाकारला गेला असेल तर या नंबरवर फोन करा', आणि पुढे ऑफिसचा नंबर.