पार्श्वभूमी : ‘ग्रीन अनियन्स’च्या मागचा ऑर्गन

‘ग्रीन अनियन्स’ ही गायकाविना, नुसत्या वाद्यांवर वाजवलेली रचना योगायोगाने जन्माला आली, असं नेहमी सांगतात. १९६२च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या स्टॅक्स स्टुडिओत दुसऱ्याच एका गायकासाठी जमलेल्या चार वादकांच्या हाताशी वेळ उरला. त्यांनी एक संथ ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या त्या शैलीतली रचना, वाजवली. ती स्टुडिओचे मालक जिम स्टुअर्ट यांना आवडली, पण रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला काहीतरी हवं होतं. तेव्हा सतरा वर्षांच्या बुकर टी. जोन्सने ऑर्गनवर आधीपासून घोळवत ठेवलेली एक चाल काढली. योगायोग एवढाच. तो आवाज मात्र कितीतरी वर्षं घडत आला होता.

ऑर्गन म्हटलं की आपल्याला संगीत नाटकातली पायपेटी आठवते. जोन्सचा ऑर्गन मात्र विजेवर चालणारा, ‘हॅमंड’ नावाचा. त्यात भाता नाही, हवाही नाही. लॉरेन्स हॅमंड हे घड्याळं बनवणारे. विजेच्या मोटरवर फिरणाऱ्या दातेरी चकत्या आणि त्यांच्यासमोर चुंबक व तारेची वेटोळी, यांतून त्यांनी सूर काढला आणि १९३५मध्ये हे वाद्य बाजारात आणलं. मोठा पाइप ऑर्गन ज्यांना परवडत नव्हता, अशा चर्चनी ते घेतलं. त्यांत कृष्णवर्णीयांची चर्चही होती. पट्टी दाबताच बारीक ‘टक्’ असा आवाज यायचा. हॅमंडच्या लेखी तो दोष होता. जॅझवाल्यांनी तोच उचलला, कारण त्या टक्कीमुळे सुराला तालवाद्यासारखी धार येते. १९५६मध्ये ऑर्गनवादक बिल डॉगेटचं ‘हॉन्की टॉन्क’ गाजलं आणि त्याच वर्षी जॅझ ऑर्गनवादक जिमी स्मिथच्या रेकॉर्ड ब्लू नोट कंपनीकडून निघू लागल्या. स्मिथ बेससुद्धा स्वतःच, डाव्या हाताने आणि पायांनी, वाजवायचा.

मेम्फिसमध्ये बेसवर लुई स्टाइनबर्ग होता, ड्रमवर अल जॅक्सन, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर. जोन्ससमोर होता घरगुती आकाराचा हॅमंड एम-३. त्यामुळे वादनात जॅझची करामत कमी, ठेका जास्त. बारा मात्रांच्या नव्हे, बारा बारच्या (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट) ब्लूजची तीच चाल पुन्हा पुन्हा येते आणि मध्येच क्रॉपरची गिटार चाबकासारखी फटकारते. माझ्या मते सगळी जादू त्या मोकळ्या जागांत आहे. चौघांपैकी कुणालाच घाई नाही.

जागाही ऐकण्यासारखी होती. स्टुडिओ म्हणजे मॅकलेमोर अव्हेन्यूवरचं जुनं कॅपिटॉल थिएटर. प्रेक्षागृहाचा उतार तसाच ठेवलेला, बाहेर स्टुअर्ट यांच्या भगिनी एस्टेल अ‍ॅक्सटन यांचं रेकॉर्डचं दुकान. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रासाठी एस्टेल यांनी आपलं घर गहाण टाकलं होतं. वर्णभेदाचे कायदे असलेल्या शहरात गोरा क्रॉपर आणि तिघे कृष्णवर्णीय एका खोलीत वाजवत होते.

‘ग्रीन अनियन्स’ची एकल रेकॉर्ड लोकप्रियतेच्या क्रमवारीत आर अँड बीच्या (ऱ्हिदम अँड ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताच्या) यादीत पहिल्या, पॉपच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेली. मागोमाग ऑक्टोबरमध्ये अल्बम आला, स्टॅक्सच्या शिक्क्याचा पहिलाच. त्यात बरीचशी गाणी इतरांची आहेत. रे चार्ल्सच्या ‘आय गॉट अ वुमन’मध्ये गायकाची जागा थेट ऑर्गनने घेतली आहे. तोवर जोन्स इंडियाना विद्यापीठात संगीत शिकायला गेला होता आणि सुट्टीच्या दिवशी ध्वनिमुद्रणासाठी मेम्फिसला परत यायचा.