दहा लाखांत एक

कॉर्डोमा हा हाडांचा कर्करोग वर्षाला दहा लाखांत एखाद्यालाच होतो. २०११च्या जनगणनेत सांगली जिल्हा २८ लाखांचा होता. म्हणजे शिराळ्यापासून जतपर्यंत वर्षाला जेमतेम तीन रुग्ण. नवा उपचार शंभर जणांवर तपासायचा म्हटला, तर एकट्या आपल्या जिल्ह्याला तीस-पस्तीस वर्षं लागतील!

त्यात गाठीची जागा अवघड. गर्भात कणा घडताना असलेल्या दोरीसारख्या रचनेचे काही अवशेष कवटीच्या तळाशी किंवा कमरेखाली त्रिकास्थीत उरतात, तिथून ती उठते. कवटीच्या तळाशी मेंदूचा देठ आणि डोळ्यांच्या नसा तिला खेटून असतात. गाठ नष्ट करायला किरणांची ७० ग्रेच्या आसपास किंवा त्याहून जास्त मात्रा लागते, आणि देठाला साधारण ५४ ग्रेच्या पुढे धोका सुरू होतो. (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक.)

आपल्याकडे ज्याला ‘शेक देणं’ म्हणतात तो बहुतेकदा क्ष-किरणांचा असतो. तो पाटाच्या पाण्यासारखा: वाटेतल्या सऱ्या भिजवतो आणि पुढेही वाहत जातो. प्रोटॉनचा, म्हणजे अणूच्या गाभ्यातल्या कणांचा, शेक तासगावच्या द्राक्षबागेतल्या ठिबकसारखा. वाटेत थोडं झिरपतं, पण सगळ्यात जास्त ऊर्जा तो थांबतो तिथे सुटते, पलीकडे जवळपास काही जात नाही. शेकासाठी कार्बनचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणूही वापरतात; ते प्रोटॉनच्या बारा पट जड. ते डीएनएचे दोन्ही धागे असे तोडतात की पेशीला सांधणं जड जातं.

नेम मात्र मिलिमीटरचा हवा. म्हणून जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून रुग्णाच्या चेहऱ्यावर ताणून बसवतात. काही मिनिटांत तो घट्ट होतो, नाक-हनुवटीचा आकार धरतो. दर बैठकीला तोच मुखवटा टेबलाला अडकवायचा. आत निश्चल पडून राहणाऱ्या माणसाच्या धीराला माझा नमस्कार आहे.

खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात २०२३पासून प्रोटॉन उपचार मिळतात. जपानमध्ये चिबाला कार्बन १९९४पासून वापरतात. दोन्हींत सरस कोणता? हे तपासायला जर्मनीत हायडेलबर्गला कवटीच्या कॉर्डोमासाठी चाचणी हाती घेतली गेली. कोणाला प्रोटॉन, कोणाला कार्बन, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. डॉक्टरांनी निवडलं, तर सोप्या गाठी नकळत एकीकडे जातील आणि हिशेब फसेल.

आणि ही गाठ वाढते सावकाश, पाच-दहा वर्षांनीही उलटते. त्यामुळे शेवटची बैठक झाली तरी चाचणी संपत नाही. गावी परतून पुन्हा शेतात राबू लागलेल्या रुग्णानेही ठरल्या तारखेला एमआरआयला यायचंच असतं.