पाडव्याची कोर, ईदचा चाँद आणि अकरा दिवसांची उधारी

२०२५ सालचा गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी होता. गुढी उतरवायला त्या दिवशी मला जरा उशीरच झाला. सूर्य बुडाला होता, मी इंदूरच्या रामबागेतल्या घराच्या गच्चीवर उभा होतो. तांब्या खाली घेतला, गाठी नातीच्या हातात दिली आणि खणाची गाठ सोडवायला लागलो, तेवढ्यात दोन गल्ल्या पलीकडच्या गच्चीवरून गलका ऐकू आला, "दिख गया, दिख गया!" नात म्हणाली, "आजोबा, त्यांना काय दिसलं?" मी हातातल्या गुढीच्या काठीनेच पश्चिमेकडे दाखवलं. पाण्याच्या टाकीच्या वर, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या उंचीवर, केसासारखी बारीक कोर होती. जवळजवळ आडवी, वाटी ठेवावी तशी.

दुसऱ्या दिवशी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश आला: पाडवा आणि ईदचा चाँद एकाच दिवशी, शेकडो वर्षांनी आलेला दुर्मिळ योग, अकरा जणांना पाठवा. पाठवणाऱ्यांत माझे इंजिनिअर झालेले भाचेही होते. म्हणून हा लेख.

हा योग दुर्मिळ नाही. पाडवा म्हणजे शुद्ध प्रतिपदा, अमावास्या संपल्यावरचा पहिला दिवस. इस्लामी महिना सुरू होतो तो अमावास्येनंतरची पहिली कोर डोळ्यांना दिसली की. त्यामुळे प्रत्येक पाडव्याला किंवा त्याच्या आगेमागे एखाद-दोन दिवसांत कुठला ना कुठला इस्लामी महिना लागतोच. प्रश्न फक्त कुठला, एवढाच. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला होता आणि आपल्याकडे ईद ११ला. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, पाडवा २२ मार्चला होता, पण तेव्हा ईद नव्हती, २४ मार्चला रमजानचा पहिला रोजा होता. एका वर्षात पाडव्याची सोबत एक महिना पुढे सरकली. मधे काय झालं? २०२३ च्या पावसाळ्यात आपण अधिक श्रावण पाळला. आपल्या पंचांगात एक महिना जास्तीचा घातला गेला, त्यांच्यात नाही.

२०२५ च्या वसंतात आणखी काय काय जुळलं ते बघा. १३ मार्चच्या रात्री आपण होळी पेटवली, त्याच रात्री ज्यू लोकांचा पुरीम हा सण होता. कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, पुरीमला पिढ्यान् पिढ्या 'होळीचा सण' म्हणत आले आहेत, आणि ते नाव नुसतं शेजाऱ्यांकडून उचललेलं नाही, पौर्णिमाच बहुधा तीच असते. ३० मार्चला आपला चैत्र लागला, तसाच ज्यूंचा निसान महिना लागला. १२ एप्रिलला हनुमान जयंती, त्याच संध्याकाळी त्यांचा पेसाह, ज्याला मराठी बायबल वल्हांडण म्हणतं. त्यापुढच्या आठवड्यात, २० एप्रिलला, ईस्टर. चंद्र एकच आहे. फरक आहे तो हिशेबाच्या पद्धतीत, आणि मला ज्याबद्दल सांगायचं आहे तो हिशेब हाच.

अमावास्या ते अमावास्या हा काळ सरासरी २९.५३०५९ दिवसांचा. असे बारा महिने म्हणजे ३५४.३७ दिवस. ऋतूंचं वर्ष ३६५.२४ दिवसांचं. दरवर्षी १०.८८ दिवस, ढोबळमानाने अकरा, उधार राहतात. या उधारीचं काय करायचं?

एक उपाय आपला. एक अख्खा महिना साचला की तो अधिक म्हणून घालून खातं मिटवायचं. २९.५३ ला १०.८८ ने भागा: २.७१ वर्षं, म्हणजे साडेबत्तीस सौर महिने. जुने ज्योतिषी हेच ३२ महिने, १६ दिवस, ४ घटका असं सांगत. धोंड्याच्या महिन्यात जावयाला ३३ अनारशांचं वाण देतात. आई सांगायची ते तेहेतीस कोटी देवांचे म्हणून, वडील सांगायचे अधिक महिना तेहेतिसाव्याला येतो म्हणून. मला वडिलांचं पटतं.

आता उपाय दुसरा, इस्लामी पंचांगाचा. उधारी फेडायचीच नाही, साचू द्यायची. मग महिन्याऐवजी पूर्ण वर्ष साचायला किती काळ लागेल? ३५४.३७ भागिले १०.८८. उत्तर साडेबत्तीसच, पण आता वर्षं. हा योगायोग नाही. साडेबत्तीस सौर महिन्यांत साडेतेहेतीस चांद्र महिने बसतात, एक जास्त. तसंच साडेबत्तीस सौर वर्षांत साडेतेहेतीस चांद्र वर्षं बसतात, तिथेही एक जास्त. दोन्हीकडे बारा सारखेच, त्यामुळे गुणोत्तर बदलत नाही. आपले ३३ अनारसे आणि रमजानची ऋतुप्रदक्षिणा एकाच भागाकारातून निघतात. हे मला पहिल्यांदा उमगलं त्या रात्री मी उठून पुन्हा कागद-पेन्सिल घेतली होती.

१९८३ मध्ये रमजान जूनच्या मध्याला लागला होता, २०१६ मध्ये तो पुन्हा जूनमध्ये आला. मधल्या तेहेतीस वर्षांत तो सगळ्या ऋतूंतून फिरून आला. २०३० मध्ये तर तो एकाच इंग्रजी वर्षात दोनदा लागेल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर. इस्लामपूर्व अरबस्तानात महिने पुढे ढकलायची चाल होती, तिला 'नसी' म्हणत. कुराणाच्या सूरह तौबामध्ये महिने बाराच असं सांगून तिची मनाई केली. कारण नैतिक होतं: युद्धबंदीचे पवित्र महिने लोक सोयीने इकडेतिकडे करत. नावांमध्ये मात्र जुने ऋतू राहून गेले. 'रमजान'च्या धातूत उन्हाची होरपळ आहे. 'रबी-उल-अव्वल'मधला रबी म्हणजे वसंत, आपल्या रब्बी पिकातला रब्बी तोच.

आता एकच कथा तीन पंचांगांत कशी वागते ते पाहू. मोशे, म्हणजेच मूसा, आपल्या लोकांना इजिप्तच्या गुलामगिरीतून सोडवतो. ज्यू ती सुटका वल्हांडणाला आठवतात, बेखमीर भाकर खाऊन, आणि त्यांचा धर्मग्रंथ तोरा सांगतो की ती वसंतातच आठवायची. म्हणून त्यांना अधिक महिना घालावाच लागतो, नाहीतर वल्हांडण थंडीत जाईल. ख्रिस्ती परंपरेत येशूचा क्रूसावरचा मृत्यू वल्हांडणाच्या दिवसांतला, तोच वल्हांडणाचा कोकरा मानला गेला, म्हणून ईस्टरही त्या पौर्णिमेला बांधलेला. इस्लामी परंपरेत प्रेषितांनी मदिनेत ज्यूंना मूसाच्या सुटकेचा उपास करताना पाहिलं आणि आशुराचा, १० मोहरमचा, उपास सांगितला. त्याच तारखेला इ.स. ६८० मध्ये करबलाच्या लढाईत प्रेषितांचे नातू हुसेन मारले गेले. आपल्या इंदुरात होळकरांच्या काळापासून सरकारी ताजिया निघतो तो याच तारखेशी जोडलेला, कधी भर पावसात, कधी थंडीत. एकाच सुटकेच्या आठवणी, दोन वसंताला खिळलेल्या आणि एक वर्षभर फिरणारी. श्रद्धेतला फरक इथे पंचांगात स्पष्ट दिसतो. ज्यूंसाठी ऋतू हाच आठवणीचा भाग, इस्लाममध्ये चंद्राची कोर पुरेशी.

ज्यूंचा हिशेब सगळ्यात देखणा, आणि इथे थोडी आकडेमोड सोसावी लागेल. बॅबिलोनच्या ज्योतिषांना इसवी सनापूर्वीच कळलं होतं की १९ सौर वर्षं आणि २३५ चांद्र महिने जवळजवळ सारखे भरतात. १९ वर्षांचे ६९३९.६० दिवस, २३५ महिन्यांचे ६९३९.६९. फरक दोन तासांचा. १९ वर्षांचे साधे महिने २२८, म्हणजे सात अधिक महिने घालायचे. ज्यू ते चक्राच्या ३, ६, ८, ११, १४, १७ आणि १९ व्या वर्षी घालतात, आणि नेहमी अदार या एकाच महिन्याला जोडून. आपला नियम वेगळा: ज्या चांद्र महिन्यात सूर्याची संक्रांत पडत नाही तो अधिक, त्यामुळे तो कधी श्रावण असतो, कधी ज्येष्ठ. तासाचे ज्यू १०८० भाग करतात, एका भागाला हेलेक म्हणतात, तो साडेतीन सेकंदांहूनही किंचित लहान. त्यांचा महिना २९ दिवस, १२ तास, ७९३ हेलेक. दशांशात २९.५३०५९४. आजच्या मोजणीशी तुलना केली तर महिन्यामागे अर्ध्या सेकंदाचाही फरक नाही. आर्यभटाचे आकडे घ्या: एका युगात १,५७,७९,१७,५०० दिवस आणि ५,३४,३३,३३६ चांद्र महिने. भागाकार २९.५३०५८२. दुर्बीण कुणाकडेच नव्हती. शेकडो वर्षांची ग्रहणं टिपून ठेवली, दोन दूरच्या ग्रहणांमधले दिवस मोजले आणि मधल्या महिन्यांनी भागलं की चूक आपोआप वाटली जाते. युक्ती एवढीच.

इथे एक स्पष्ट सांगतो. कुराणात गुहेत झोपलेल्या तरुणांची कथा आहे. ख्रिस्ती लोकांत तीच इफिससच्या सात झोपलेल्यांची कथा. कुराण सांगतं, ते तीनशे वर्षं झोपले, 'आणि नऊ अधिक'. ३०० सौर वर्षं म्हणजे ३०९ चांद्र वर्षं, हे गणित बरोबर आहे. पण त्यावरून ग्रंथात आधुनिक विज्ञान दडलेलं असल्याचे जे व्हिडिओ फिरतात ते चूक. दोन्ही पंचांगं वापरणाऱ्या समाजात हे गुणोत्तर माहीत असणारच. आपल्या पुराणांत विमानं शोधणाऱ्यांनाही माझं हेच म्हणणं आहे. तसंच, लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या मृत्यूच्या वेळी सूर्य अंधारल्याचं म्हटलं आहे. काही जण त्याला सूर्यग्रहण म्हणतात. वल्हांडण पौर्णिमेला, सूर्यग्रहण अमावास्येला. ते ग्रहण नव्हतं.

ख्रिस्ती लोकांनी वर्ष सूर्याचं घेतलं आणि चंद्र फक्त ईस्टरच्या भोवती ठेवला. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्येच पडतो. इ.स. ३२५ च्या निकाया इथल्या धर्मपरिषदेत सगळ्यांनी तो एकाच दिवशी पाळावा असं ठरलं, पण तेव्हा चालू असलेलं ज्युलियन वर्ष ३६५.२५ दिवसांचं असल्याने १२८ वर्षांत एक दिवस घसरत होतं. शेवटी १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर धरून ती घसरण दुरुस्त केली. ज्यूंचं पंचांगही सव्वादोनशे वर्षांत एक दिवस घसरतं, म्हणून १९ वर्षांत तीन वेळा वल्हांडण ईस्टरच्या एक महिना मागून येतो. २०२४ मध्ये ईस्टर ३१ मार्चला, होळीपाठोपाठ आला, आणि वल्हांडण २२ एप्रिलला, हनुमान जयंतीच्या आदल्या संध्याकाळी. आपलं पंचांग ताऱ्यांवर मोजलेलं असल्याने ऋतूंच्या मानाने आणखी जोरात घसरतं. उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ तारखेला सुरू होतं, आणि आपण तिळगूळ १४-१५ जानेवारीला वाटतो.

चिन्हांबद्दल थोडक्यात. चंद्रकोर हे इस्लामचं मूळ धर्मचिन्ह नाही. इराणच्या ससानी आणि बायझँटाइन नाण्यांवर ती आधीपासून होती, आणि मुख्यतः ऑटोमन निशाणामुळे ती इस्लामशी जोडली गेली. ज्यूंचं जुनं चिन्ह सहाकोनी तारा नव्हे, सात शाखांची समई, मेनोरा. रोममधल्या टायटसच्या कमानीवर ती लुटून नेताना कोरलेली आहे. क्रूसही चौथ्या शतकानंतर सर्रास झाला, त्याआधी मासोळी होती.

पण कोरीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. निशाणांवर ती उभी असते, आणि आमच्या गच्चीवरून पाडव्याला ती आडवी का दिसली? कोरीचा फुगीर भाग नेहमी सूर्याकडे असतो. चंद्र सूर्याच्या मार्गालगत, म्हणजे क्रांतिवृत्तालगत, चालतो. मार्चमध्ये सूर्यास्ताला क्रांतिवृत्त क्षितिजाशी किती कोन करतं? ९० वजा आपला अक्षांश, अधिक पृथ्वीच्या आसाचा कल. इंदूरचा अक्षांश २२.७ अंश, कल २३.४. उत्तर ९०.७. म्हणजे इथे मार्चच्या संध्याकाळी चंद्राचा रस्ता क्षितिजावर जवळजवळ काटकोनात उभा असतो, सूर्य बरोबर कोरीच्या खाली, आणि कोर वाटीसारखी. चंद्र सरळ वर चढलेला असल्याने नवी कोर मार्च-एप्रिलमध्ये इथे लवकर दिसते. त्या दिवशी ती २६ तासांची होती. सप्टेंबरात कल वजा करा: ४४ अंश. तेव्हा तीच कोर तिरपी, क्षितिजाला चिकटलेली, आणि चाँद बघणाऱ्यांची बरीच ओढाताण होते.

जुन्या भारतीय ज्योतिषात रेखांश उज्जैनपासून मोजत. आपल्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या त्या उज्जैनला जयपूरचे राजे सवाई जयसिंह यांनी वेधशाळा बांधली. ग्रहताऱ्यांच्या जागांची त्यांची कोष्टकं समरकंदचा ज्योतिषी राजा उलूग बेग याच्या परंपरेतली, फारसीत लिहिलेली. १७२७ च्या सुमारास त्यांनी एका जेझुइट पाद्र्याबरोबर पोर्तुगालला माणसं पाठवली आणि फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ला हीरची कोष्टकं मागवली. ती आल्यावर त्यांनी चंद्राची जागा ताडून पाहिली आणि अर्ध्या अंशाची चूक काढली. अर्धा अंश म्हणजे पूर्ण चंद्राएवढी रुंदी. नातीला पुढच्या शुद्ध द्वितीयेला तिथे घेऊन जाणार आहे, सूर्य बुडायच्या आत पोचायचं आणि पश्चिम मोकळी दिसेल अशा जागी उभं राहायचं.